एटी की एमटी? ऑफरोड ट्रकसाठी टायर निवडताना

ऑफरोडसाठी ट्रक घेतला की थोड्याच दिवसांत टायरचा प्रश्न उभा राहतो. कंपनीकडून येणारे टायर बहुतेक वेळा डांबरी रस्त्यासाठी बनवलेले असतात. ओल्या चढावर चाकं जागच्या जागी फिरू लागतात किंवा एखादा धारदार दगड साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, चिरून जातो, आणि मग शोध सुरू होतो. त्या शोधात दोन नावं पुन्हा पुन्हा भेटतात: ऑल-टेरेन म्हणजे एटी आणि मड-टेरेन म्हणजे एमटी. पुढचा गोंधळ सल्ल्यांचा असतो. एक जण म्हणतो एमटीशिवाय ऑफरोड नाही, दुसरा म्हणतो एमटी म्हणजे नुसता आवाज. मी दोन्ही वापरले आहेत, आणि माझ्या मते दोघंही चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देत असतात.

'मी किती टक्के ऑफरोड करतो?' हा प्रश्न सगळे विचारतात. त्यापेक्षा 'मला कोणती जमीन अडवते?' हे विचारा. निम्मा प्रवास कच्च्या रस्त्यावर होत असेल, पण तो कोरडा, खडीचा आणि कडक असेल, तर एटी पुरतो. याउलट वर्षभर डांबरावर चालणारा ट्रक पावसाळ्यात चिकणमातीच्या एका पट्ट्यापाशी दरवेळी अडत असेल आणि पलीकडे जाणं गरजेचंच असेल, तर तो एक पट्टा निर्णय बदलू शकतो.

## १. आधी दोन्ही टायर नीट पाहून घ्या

दोन्ही टायर शेजारी ठेवून पाहता आले तर उत्तम. एटीमध्ये रबराचे ठोकळे लहान आणि जवळजवळ असतात. प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा असतात, त्यांना साइप म्हणतात. ओल्या डांबरावर आणि दाबल्या गेलेल्या बर्फावर पकड मिळते ती बरीचशी या चिरांमुळे. नव्या एटीच्या खाचा साधारण १० ते १३ मिमी खोल असतात.

एमटीचे ठोकळे मोठे असतात आणि त्यांच्यात रुंद मोकळी जागा असते. खाचा साधारण १४ ते १७ मिमी खोल. चिरा कमी, काही मॉडेलमध्ये जवळजवळ नाहीतच. खांद्यावरचे, म्हणजे टायरच्या कडेचे, ठोकळे साइडवॉलवर उतरलेले असतात, त्यामुळे खोल चाकोरीत टायरची बाजूही भिंतीला धरते. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे दिसतील, ते अडकलेले दगड बाहेर ढकलण्यासाठी असतात. बऱ्याच एमटींची साइडवॉल तीन थरांची असते, पण आता काही मजबूत एटींचीही असते. म्हणून 'साइडवॉल हवी तर एमटीच' हे गृहीत धरू नका.

दोघांच्या मधला तिसरा प्रकारही आहे, त्याला रग्ड-टेरेन किंवा हायब्रिड म्हणतात. निट्टो रिज ग्रॅपलर हे त्याचं ओळखीचं उदाहरण. बीएफगुडरिच केओ२, फाल्कन वाइल्डपीक एटी३डब्ल्यू, योकोहामा जिओलँडर जी०१५ हे एटी. बीएफगुडरिच केएम३, टोयो ओपन कंट्री एमटी, योकोहामा जिओलँडर जी००३ हे एमटी. ही नावं शिफारस म्हणून देत नाही. यांचे फोटो शेजारी ठेवून पाहिलेत की वर सांगितलेला फरक लगेच लक्षात येईल.

## २. आपली जमीन ओळखा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका हाच लोक टाळतात. मागच्या वर्षभरात ट्रक कुठे कुठे अडला किंवा अडेल अशी भीती वाटली, ते कागदावर लिहून काढा. प्रत्येक जागेपुढे जमिनीचा प्रकार लिहा. नुसतं 'चिखल' लिहून थांबू नका, कारण चिखल एकच नसतो.

चिकणमाती. मूठभर ओली माती घ्या आणि अंगठा व तर्जनीत दाबून तिची पट्टी काढून बघा. पट्टी लांब निघाली, तुटली नाही आणि बोटांना चिकटून राहिली, तर ती चिकणमाती. ही माती एटीच्या अरुंद खाचांमध्ये भरते आणि बाहेर पडत नाही. दोन-चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो, मग कितीही महाग एटी असला तरी त्याचा उपयोग उरत नाही. एमटीच्या रुंद खाचा चाक फिरताना माती बाहेर फेकतात. मात्र त्यासाठी चाकाला थोडी गती लागते. लो रेंजमध्ये (फोर व्हील ड्राइव्हची कमी वेगाची, जास्त ताकदीची गिअर-श्रेणी), पण अगदी खालच्या गिअरमध्ये नाही, असं एकसारखं चालवत राहिलं तर टायर स्वतःला साफ करत जातो. अगदी मुंगीच्या पावलांनी गेलात तर एमटीही भरतो.

वाळूमिश्रित चिखल. पट्टी निघतच नाही, माती बोटांत भुगा होते. अशा चिखलात चांगला एटी हवा कमी करून आरामात निघतो. केवळ यासाठी एमटी घेणं मला पटत नाही.

वर निसरडा थर, खाली कडक जमीन. इथे टायरच्या प्रकाराइतकीच रुंदी महत्त्वाची. अरुंद टायर वरचा थर कापून खालच्या कडक जमिनीला टेकतो. फार रुंद टायर त्या थरावर तरंगतो आणि घसरतो. तळच न लागणाऱ्या खोल दलदलीत याच्या उलट होतं, तिथे रुंदीचा फायदा असतो. पण खरं सांगायचं तर तशा दलदलीत एकट्या ट्रकने शिरूच नये.

कोरडी वाळू. इथे नवख्यांचा अंदाज हमखास चुकतो. मोठे ठोकळे म्हणजे जास्त पकड, असं वाटतं. पण वाळूत पकडण्यासारखं काही नसतं. एमटीचे ठोकळे वाळू उपसत खाली जातात आणि ट्रक ॲक्सलपर्यंत रुततो. वाळूत टायर पसरायला हवा आणि ते काम हवेच्या दाबाने होतं. एटी इथे जास्त सोयीचा.

खडक आणि दगड. दोन्ही चालतात. धारदार, सुटे दगड असतील तर जाड साइडवॉल आणि खांद्यावरचे ठोकळे उपयोगी, म्हणून एमटी किंवा मजबूत बांधणीचा एटी. सलग, गुळगुळीत कातळावर एटीचे जवळजवळ असलेले ठोकळे जास्त रबर टेकवतात.

बर्फ. ताज्या, खोल बर्फात एमटी वल्ह्यांसारखा पुढे ढकलतो. दाबून कडक झालेल्या बर्फावर मात्र तो धोकादायक आहे, कारण चिरा कमी आणि ठोकळे ताठ. अशा रस्त्यावर नियमित जात असाल तर साइडवॉलवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असलेला एटी घ्या. हे चिन्ह बर्फावरच्या चाचणीनंतर मिळतं. 'एम प्लस एस' ही अक्षरं त्या चाचणीशिवायही छापता येतात, त्यामुळे दोन्ही सारखी समजू नका.

यादी झाली की बघा: चिकणमाती आणि धारदार सुटे दगड यांची नावं पुन्हा पुन्हा आली का? आली असतील तर एमटीचा विचार करा. नसतील तर एटीपासून सुरुवात करा.

## ३. उरलेल्या रस्त्याची किंमत मोजा

ऑफरोडला जाण्यासाठीही डांबरावरून जावंच लागतं. एमटीच्या बाबतीत तिथे काय सोसावं लागेल ते आधीच माहीत असावं.

ओल्या डांबरावर ब्रेक लावल्यावर ट्रक जास्त अंतर घेतो. माझ्या दृष्टीने हा एमटीचा सगळ्यात गंभीर तोटा आहे आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. कुटुंबाला घेऊन पावसात हायवेवर रोज जाणाऱ्या माणसाने या एका मुद्द्यावरच थांबून विचार करावा. एमटीवर पुढच्या गाडीपासून अंतर वाढवणं आणि वळणावर वेग कमी ठेवणं ही सवयच करावी लागते.

आवाज दुसरा. नवा एमटी एका लयीत गुणगुणतो, पण झीज असमान झाली की तोच आवाज घरघर बनतो. त्याशिवाय एमटी त्याच मापाच्या एटीपेक्षा साधारणपणे जड असतो. जड चाक फिरवायला इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतात, इंधनही जास्त लागतं. डांबरावर तो लवकर झिजतो.

ज्यांना दोन्ही हवंच आहे त्यांच्यासाठी एक मार्ग आहे: रिमांचे दोन संच. रोजसाठी एटी आणि चिखलाच्या हंगामासाठी वेगळ्या रिमांवर एमटी. सुरुवातीला खर्च मोठा, पण दोन्ही टायर जास्त वर्षं टिकतात. साठवायला सावलीतली कोरडी जागा मात्र हवी.

## ४. माप ठरवा, आणि मोहात पडू नका

२६५/७० आर १७ हे माप घेऊ. २६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ७० टक्के, आर म्हणजे रेडियल, १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. अशा टायरची एकूण उंची साधारण ८०३ मिमी येते.

आता बरेच जण २८५/७० आर १७ कडे वळतात. त्याची उंची सुमारे ८३१ मिमी. फरक २८ मिमी, पण ॲक्सलखालची मोकळी जागा वाढते त्याच्या निम्मी, म्हणजे १४ मिमी. त्या १४ मिमीच्या बदल्यात चाक साडेतीन टक्क्यांनी मोठं होतं. स्पीडोमीटर १०० दाखवत असताना तुम्ही जवळपास १०३ किंवा १०४ च्या वेगाने जात असता, चढावर ट्रक आळशी वाटतो आणि स्टीअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासू शकतो.

पहिल्या संचासाठी माझं मत स्पष्ट आहे: कंपनीचं मूळ माप ठेवा किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं पर्यायी माप घ्या. मोठं माप घ्यायचंच असेल तर एकच चाक आधी बसवून बघा. दोन्ही बाजूंना स्टीअरिंग पूर्ण वळवा, मग एक पुढचं चाक रॅम्पवर चढवून पुन्हा वळवा. सपाट जमिनीवर न घासणारा टायर सस्पेन्शन दबल्यावर घासू शकतो. ब्रेकच्या नळीकडे विशेष लक्ष द्या. टायर बॉडीबाहेर किती आलेला चालतो याचे नियम ठिकठिकाणी वेगळे असतात आणि बदललेलं माप विमा कंपनीला कळवावं लागू शकतं, तेही आधी विचारून घ्या.

सापळा: चार टायर बदलले आणि स्टेपनी जुन्याच मापाची राहिली. फोर व्हील ड्राइव्हमध्ये चारही चाकांची उंची सारखी नसेल तर ट्रान्सफर केस आणि डिफरेन्शियल, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणारे गिअर, यांच्यावर सतत ताण येतो. म्हणून पाच टायर घ्या. मोठी स्टेपनी तिच्या जागेत बसते का हेही खरेदीपूर्वीच मोजा. पुढे एमटी आणि मागे एटी असली मिसळही करू नका.

## ५. साइडवॉल वाचायला शिका

मापानंतर १२१/११८ क्यू असं काही लिहिलेलं असेल. १२१ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त १४५० किलो. दुसरा आकडा मागच्या ॲक्सलवर जोडचाकं असतील तेव्हाचा. शेवटचं अक्षर वेगमर्यादेचं: क्यू म्हणजे ताशी १६० किमी, आर १७०, एस १८०, टी १९०. बऱ्याच एमटींवर क्यू असतो. लोड इंडेक्स ट्रकच्या मूळ टायरपेक्षा कमी नको. छतावर तंबू, मागे पाण्याचे कॅन आणि अवजारं लादणार असाल तर हे विशेष जपा.

मापाच्या आधी 'एलटी' असेल तर तो लाइट ट्रक बांधणीचा टायर. तो कापला जाण्याची भीती कमी, पण तोच भार पेलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवरचा दाब मूळ टायरसाठी असतो. एलटी घेतल्यावर टायर कंपनीच्या लोड-प्रेशर तक्त्यातून नवा दाब काढून घ्या. 'टेन प्लाय' ऐकून दहा थर आहेत असं समजू नका, ते ताकदीचं मानांकन आहे. हलक्या ट्रकवर सगळ्यात ताठ टायर लावला तर प्रत्येक खड्डा पाठीला कळतो आणि हवा कमी केल्यावरही टायर नीट पसरत नाही.

शेवटी तारीख. डीओटीने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा. २३२४ म्हणजे २०२४ सालातला २३ वा आठवडा. कधीकधी ही तारीख एकाच बाजूला असते, म्हणून टायर फिरवून दोन्ही बाजू बघा. पाचही टायरची तारीख स्वतः वाचा आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल परत करा.

## ६. काय काय जवळ हवं

दुकानात जाताना ट्रकचं मॅन्युअल, दरवाजाच्या स्टिकरचा फोटो, जुन्या टायरच्या साइडवॉलचा फोटो आणि दुसऱ्या टप्प्यात केलेली जमिनीची यादी. येताना बिल आणि वॉरंटी कार्ड घ्या आणि बिलावर पाचही टायरचे तारखेचे आकडे लिहून घ्या. ऑफरोड वापराने झालेलं नुकसान वॉरंटीत धरतात की नाही, हे तोंडी न विचारता कार्डावर वाचा.

ट्रकमध्ये कायम ठेवायची साधनं:

- कमी दाबही अचूक दाखवणारा प्रेशर गेज
- ट्रकच्या टायरला पुरेल असा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर
- ट्यूबलेस पंक्चर किट, जाड टायरसाठी भक्कम मुठीचं
- जॅक आणि त्याखाली ठेवायला रुंद फळी, कारण मऊ जमिनीत जॅकच खाली जातो
- टॉर्क रेंच (नट ठरलेल्या ताणापर्यंतच आवळणारा पाना)
- फावडं

## ७. बसवून घेताना

जवळ उभे राहा. बॅलन्सिंगची वजनं रिमच्या आतल्या बाजूला लावायला सांगा, बाहेरची दगडाला घासून निघून जातात. प्रेशर सेन्सर असतील तर ते नीट हलवलेत ना, ते बघा. नट एअर गनने आवळून सोडून देऊ नयेत. शेवटचा ताण मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क रेंचनेच द्यायला सांगा आणि ८० ते १०० किमी चालल्यावर पुन्हा तपासा. अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या.

## ८. हवा कमी करायला शिका

एटी घेऊन हवा कमी करणारा माणूस, एमटीवर पूर्ण हवेने फिरणाऱ्याच्या पुढे निघून जातो. चिकणमाती सोडली तर जवळपास सगळीकडे हे दिसतं. हवा कमी केली की टायर रुंदीपेक्षा लांबीत जास्त पसरतो, जमिनीवरचा भार वाटला जातो आणि दगडावर तो फुटण्याऐवजी दगडाला लपेटून घेतो.

रस्त्यावर ३५ पीएसआय वापरणाऱ्या, फार न लादलेल्या ट्रकसाठी सुरुवातीचे आकडे: खडीचा कच्चा रस्ता २६ ते २८, खडक आणि चिखल १८ ते २२, मऊ वाळू १५ ते १८. ट्रक जड असेल तर थोडे वर राहा. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. त्याहून खाली जायला बीडलॉक रिम, म्हणजे टायरची कड घट्ट पकडून ठेवणारे रिम, लागतात.

कमी हवेवर वेग कमीच हवा. २० च्या आसपास असाल तर ताशी ३० ते ४० किमीच्या वर नको, कारण साइडवॉल सतत वाकून तापते आणि ती उष्णता आतले थर सोडवते. डांबर लागलं की आधी हवा भरायची. घरी पोहोचून भरू, असं म्हणू नका.

## ९. नंतरची काळजी

एटी दर ८ ते १० हजार किमीला आणि एमटी त्याहून लवकर, ५ ते ८ हजारांना रोटेट करा, म्हणजे चाकांच्या जागा आपसात बदला. स्टेपनीही त्या चक्रात घ्या, म्हणजे पाचही सारखे झिजतील. एमटीच्या ठोकळ्यावरून तळहात पुढे-मागे फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने कड लागत असेल तर रोटेशनला उशीर झालाय.

चिखलातून आल्यावर रिमची आतली बाजू धुवा. तिथे वाळलेला गोळा राहिला की हायवेवर स्टीअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतात.

टायर कधी बदलायचा? अनेक देशांत कायद्याची मर्यादा १.६ मिमी खोलीची आहे, पण ती डांबराची गोष्ट. खाचा निम्म्यावर आल्या की एमटीचा चिकणमातीतला फायदा बराच कमी होतो. त्या वेळी तो ट्रकवरून उतरवायची गरज नाही, पण ज्या पट्ट्यासाठी तो घेतला होता तिथे पुढचा हंगाम सुरू होण्याआधी खोली मोजा आणि नव्या संचाची तयारी ठेवा.